घरी राहून बरं होता येतं

मला क्षय झाला तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. आम्ही रहाटणीत एका शेतकऱ्याच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. नदीपलीकडे पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला होता आणि माझे यजमान तिथे बाटल्या भरायच्या खात्यात होते. पाणी कमी असलं की ते सायकल खांद्यावर घेऊन पवनेतून पलीकडे जात, पावसाळ्यात नावेने. घरी आले की त्यांच्या कपड्यांना एक आंबूस वास असायचा. तो वास आला की मुलगी दाराकडे धावायची.

त्या कारखान्यातलं औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं, असा आसपासच्या गावांत समज होता. कुणाला ताप आला, कुणाचं गळू ठणकायला लागलं की लोक यजमानांना गाठायचे. "राव, तुमच्या कंपनीत हौदच्या हौद औषध हाय म्हनत्यात. आना की जरा." ते औषध ठरावीक दुखण्यांवरच लागू पडतं, सुईतून द्यावं लागतं आणि त्यातला थेंबसुद्धा फाटकाबाहेर आणता येत नाही, हे सांगून सांगून ते थकले होते.

मी खोकायला लागले ते उन्हाळ्यापासून. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम. मी कुणाला बोलले नाही. एका सकाळी चुलीपुढे बसले असताना मोठी उबळ आली आणि राखेत लाल पडलं. मी ते राखेनेच झाकलं, पण यजमान मागे उभे होते. त्यांनी त्या दिवशी कामावर खाडा केला आणि मला चिंचवडच्या दवाखान्यात नेलं.

त्या दवाखान्यात छातीच्या आजारांसाठी सोमवारी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई येत. चाळिशी उलटलेल्या, उंच, आवाज जरा घोगरा. त्यांनी मला पुण्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं, थुंकी तपासली, आणि पुढच्या खेपेला यजमानांना समोर बसवून सांगितलं, "दोन्ही फुप्फुसांत आहे. उजव्या बाजूला जास्त."

यजमानांनी विचारलं, "दवाखान्यात ठेवावं लागेल?"

"ठेवायला हवं, असंच आम्ही आजवर सांगत आलो. पण तिथे जागा कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही. तोवर गोळ्या सुरू करू या."

"तोवर हिला ठेवायची कुठं?"

"घरी."

"घरी लहान मुलगी आहे, बाई."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. लहान पांढऱ्या, आणि त्यांच्या जोडीला मोठ्या, घशाखाली न उतरणाऱ्या. त्या मोठ्या गोळ्या रोज मूठभर घ्याव्या लागत. त्या घेतल्या की भाकरीचा वाससुद्धा नकोसा व्हायचा.

माझी अवस्था कळल्यावर सासूबाई आल्या. त्या चाकणच्या पलीकडे गावी धाकट्या दिरांकडे राहत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. अंगाने काटक, बोलायला तुटक, पण मनात आकस नसलेली बाई. त्यांनी आल्या आल्या माझी वाकळ पडवीत टाकली, माझं ताट-तांब्या वेगळा केला, आणि मुलीला स्वतःच्या कुशीत घेतलं. मला वाईट वाटलं, पण मीही तेच केलं असतं. मुलगी माझ्याकडे यायला निघाली की त्या म्हणायच्या, "आईला बरं न्हाई. लांबूनच बोल." मग ती उंबऱ्यात बसायची आणि तिथून माझ्याशी बोलायची. यजमानांनी तिला कारखान्यातली टाकाऊ रबरी बुचं आणून दिली होती. ती त्यांची रांग मांडायची आणि एकेका बुचाला दटावायची, "लांबूनच बोल."

आत्याबाईंचं म्हणणं एकच होतं. मी माहेरी जावं, नगरकडे, आणि बरी होऊन यावं. माहेरी आई नव्हती. भावजयीच्या दोन पोरांमध्ये हा रोग घेऊन जायला माझं मन धजत नव्हतं.

एका सोमवारी माझा नंबर लागला तेव्हा बाईंच्या टेबलावर इंग्रजी मासिक उघडं होतं. मला तपासून झाल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं ना, घरी कसं ठेवायचं? मद्रासेकडे काही डॉक्टरांनी नेमकं हेच करून पाहिलंय. निम्मे रुग्ण दवाखान्यात ठेवले, निम्मे घरी. दोघांनाही त्याच गोळ्या. आणि घरचेही जवळजवळ तेवढेच बरे झाले. गरीब घरं होती. एका खोलीत सगळे."

यजमान म्हणाले, "हे माझ्या आईला सांगायला पाहिजे."

"सांगा की."

"मी सांगून ती ऐकणार नाही. म्हणेल, बायकोसाठी बोलतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं शिक्षण किती?"

"सातवी. लग्नाआधी वर्षभर गावच्या शाळेत शिकवत होते."

"मग पुढच्या सोमवारी जरा लवकर ये. मी हे मराठीत लिहून आणते. तुझ्याच घरासाठी नाही, इथे येणाऱ्या सगळ्यांसाठी. मला रोज हेच तोंडी सांगावं लागतं आणि निम्मं त्यांच्या डोक्यावरून जातं. तू वाचून सांग कळतंय का."

पुढच्या सोमवारी त्यांनी कागद आणला. वर लिहिलं होतं, 'क्षयरुग्णांवरील गृहोपचारांची परिणामकारकता'. खाली दोन्ही बाजू भरून सुंदर अक्षर. मी सगळा वाचला. बाईंनी कागद माझ्या हातातून काढून पालथा घातला आणि म्हणाल्या, "आता न बघता सांग."

मी म्हणाले, "घरी राहून बरं होता येतं. आणि मी दूध बंद केलं तरी चालेल."

"दूध? दूध कुठे आलं त्यात?"

आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की घरी उपचार घेणाऱ्यांचा आहार निकृष्ट असूनही आणि त्यांना विश्रांती कमी मिळूनही त्यांचा आजार तितकाच हटला. त्यांना म्हणायचं होतं की गोळ्यांचा गुण मोठा आहे. मला वाचताना वाटलं, खाण्याचं आणि निजण्याचं काही महत्त्व नाही. मी म्हणाले, "आणि बाई, हे घरी वाचलं तर आत्याबाई म्हणतील, कामाला लाग, डॉक्टरणीनंच लिहिलंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'चांगलं खायला मिळालं नाही तरी गोळ्या काम करतात. मिळालं तर जरूर खा. झेपेल तेवढंच काम करा.' मग आम्ही प्रत्येक वाक्याशी असंच करत बसलो. 'थुंकी जंतुविरहित झाली' म्हणजे बरा झाला, असं कुणीही समजेल आणि गोळ्या टाकून देईल. म्हणून लिहिलं, 'थुंकीत जंतू सापडेनासे झाले तरी आजार आत असतो. वर्षभर गोळ्या सोडू नका. हा रोग हळू येतो आणि हळूच जातो.' बाहेर बाकावर माणसं खोकत बसलेली असायची. बाई मधूनच उठून त्यांना तपासायच्या, परत येऊन लेखणी उचलायच्या. असे बरेच सोमवार गेले. मथळा म्हणूनही मी पहिल्यांदा जे बोलले होते तेच ठेवलं, 'घरी राहून बरं होता येतं'.

मग त्या वाक्यापाशी आलो.

घरातल्या इतर माणसांचं काय झालं, हे त्या मासिकात होतं. घरी ठेवलेल्या रुग्णांच्या नातलगांना आजार जास्त झाला नव्हता. जे दवाखान्यात गेले त्यांच्या घरी जेवढा, साधारण तेवढाच यांच्याही घरी. बाईंनी लिहिलं होतं, 'दोन्हीकडच्या घरांत काही मुलांना हा आजार झाला.'

मी म्हणाले, "बाई, एवढं वाक्य काढून टाका."

"का?"

"आत्याबाई हे एवढंच ऐकतील."

"खोटं आहे का ते?"

"खोटं नाही. पण त्याच्या मागचं-पुढचं त्यांच्या कानात शिरणार नाही. त्या मुलीला घेऊन जातील."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी हे काढलं, आणि उद्या एखाद्या घरात पोराला झाला, तर ती माणसं म्हणतील डॉक्टरणीने फसवलं. आणि ते खरंच असेल. ज्यांनी ठरवायचंय त्यांना सगळं कळायला नको का?"

"ठरवायचं मला आहे. तिची आई मी आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आमच्या घरात ते मी ठरवणार नव्हते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी त्या वाक्याखाली आणखी एक वाक्य लिहिलं. 'यातल्या बहुतेक मुलांच्या अंगात आजार मोठ्यांची औषधं सुरू होण्याआधीच शिरला असावा, असं डॉक्टरांना वाटतं.'

"असं वाटतं," मी म्हणाले, "की असं आहे?"

"असं वाटतं," बाई म्हणाल्या.

आमच्या घरी तो कागद वाचायला त्या स्वतः आल्या. रविवार होता. नावेतून उतरून बांधाबांधाने चालत आल्या होत्या, पातळाला खालून चिखल लागला होता. यजमानांनी घोंगडी अंथरली. घरमालकीण दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, कारण मला ठेवायचं की नाही हा प्रश्न तिच्याही घरात चालू होता. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या. मी पडवीत, पदर तोंडाला लावून.

बाईंनी सावकाश वाचलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबून सगळ्यांकडे बघत. ते वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, त्या घाईने पुढे जातील. गेल्या नाहीत. उलट तिथे इतर ठिकाणांपेक्षा जास्तच थांबल्या.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा घरमालकीण बोलली. "म्हंजी हिला हितं ठिवली तर आमाला भ्या न्हाई?"

"अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तिने गोळ्या घेतल्या, थुंकी डब्यात टाकून जाळली, तोंडावर कापड धरलं, तर भीती फार कमी. दवाखान्यात पाठवून ती याहून कमी होत नाही, असं दिसलंय."

घरमालकिणीने थोडा विचार केला. "मंग ऱ्हाऊ द्या. जाईल कुठं अशा अंगानं." एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली. त्या दिवसानंतर तिने आम्हाला एकदाही खोली सोडायला सांगितलं नाही.

आत्याबाई मुलीच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. "बाय, ती काही पोरं म्हनलीस तू. ती कुनाची व्हती?"

"म्हणजे?"

"कुनाची तरी असत्याल ना. त्यांच्या आयांनी काय केलं?"

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांनाही औषधं दिली. पण आजी, नीट ऐका. पोरीला लागायचं असेल तर ते आधीच लागून गेलेलं असेल. आता इथून हलवून फारसा फरक पडणार नाही, असंच यातून दिसतं. बहुतेक मुलं ठीक राहिली."

"बहुतेक," आत्याबाई म्हणाल्या. "मला व्हती पोरं. गाव काय म्हनतं ठावं हाय? म्हातारीची काही जगली, काही गेली. कोन गेली त्ये गावाला इच्यारू नगा, मला इच्यारा."

मला वाटत होतं बाईंनी भांडावं, ओरडावं, काहीतरी करावं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती यजमानांच्या हातात दिली.

त्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "कागुद चांगला हाय. समदा समाजला. सून हितंच ऱ्हाऊ दे, मी माहेराचं नाव काढणार न्हाई. पोरीला मातुर मी नेते."

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे."

कासारवाडीच्या फाट्यावर नाशिककडे जाणारी एसटी थांबायची. मला तिथवर चालवत नव्हतं, म्हणून मी घरमालकांच्या खळ्यापर्यंतच गेले. मुलीला नवं झबलं घातलं होतं. आजीबरोबर गाडीत बसायचं म्हणून ती खुशीत होती. तिने माझ्याकडे वळून लांबूनच हात केला, तिला शिकवलं होतं तसा. मीही केला. आत्याबाई मागे फिरून आल्या आणि म्हणाल्या, "खात जा. गोळ्या टाकू नगं." मग तिला काखेत घेऊन नदीकडे उतरल्या.

त्यानंतरचे महिने मी पडवीत काढले. घरमालकीण ताक आणून ठेवायची. गोळ्या घ्यायच्या, ओकारी दाबायची, निजायचं. यजमान सुट्टीला चाकणकडे जाऊन मुलीला बघून येत. येताना सांगत, ती कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडायला शिकली, ती आजीसारखी 'मी'ला 'म्या' म्हणते, ती आता चांगली गुबगुबीत झालीय. माझ्या अंगावरही थोडं मांस चढलं. ताप गेला. थंडीच्या सुरुवातीला थुंकीत जंतू सापडले नाहीत. बाईंनी चिठ्ठी मला दाखवली. नेहमी गंभीर असणाऱ्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. "आता मुलीला आणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

यजमान आणायला गेले, पण एकटेच परत आले. आत्याबाईंनी सांगितलं होतं, थंडी सरू दे, तिकडं नदीकाठी गारवा फार, थंडी सरली की मीच घेऊन येते. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी मुलीसाठी चौकडीच्या कापडाचा परकर शिवायला घेतला.

एका दुपारी यजमान वेळेआधी घरी आले. बरोबर धाकटे दीर होते. दोघंही अंगणात उभे राहिले, आत येईनात. दिरांच्या टोपीवर, खांद्यावर धूळ होती. मी विचारलं, "पोर कशी आहे?" यजमान खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेव्हा मला कळलं.

तिला घशाचा आजार झाला होता. दिरांनी कांद्याचा ट्रक थांबवून तिला आणि आत्याबाईंना पुण्याला न्यायला काढलं होतं. इंद्रायणीचा पूल ओलांडला, भोसरी आली, आणि आत्याबाईंच्या मांडीवर तिचा श्वास थांबला. ट्रकवाल्याने एका परतणाऱ्या गाडीत त्यांना बसवून दिलं. गावी परत नेऊन ओढ्याकाठी तिला पुरलं आणि मग दीर आम्हाला सांगायला आले.

मी त्याच दिवशी गेले. यजमानांनी अडवलं नाही. तिथे मला ओली माती आणि वर ठेवलेल्या काटेरी फांद्या दिसल्या. घरी आत्याबाई जात्याजवळ बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर बसले. त्या आपणहून बोलू लागल्या.

"घसा धरला व्हता. ताप फारसा न्हवता. आवाज बसला. म्या तोंड उघडून पाह्यलं तर घशात पांढरं दिसलं, सायीवानी. मला वाटलं, आला. आईचाच रोग आला. त्या बायनं सांगितलं व्हतं ना, आधीच अंगात शिरल्यालं असंल म्हून."

त्यांनी जात्याचा खुंटा धरला.

"कागदात व्हतं, ह्यो रोग हळू येतो, हळू जातो. वरीसभर गोळ्या. म्या म्हनलं, घाबरायचं न्हाई. बाय सोमवारी बसत्यात. सोमवारी न्हेऊ. तुला बरं वाटलं तशी ही बी व्हईल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "शनवारी श्वास लागला. मंग धावलो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तेवढं बळ नव्हतं माझ्यात. आणि ओरडून काय म्हणणार होते? कागदातलं एकूण एक वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं. फक्त तो कागद दुसऱ्या आजाराचा होता.

यजमानांनी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, घटसर्प. त्याच्या विषावर उतारा असलेली सुई पुण्याला मोठ्या दवाखान्यात मिळते, रोग झाल्यावरही टोचता येते. यजमानांनी विचारलं, वाचली असती का? त्यावर त्या म्हणाल्या, पांढरं दिसलं त्या दिवशी आणलं असतं तर बऱ्याच अंशी आशा होती, शनिवारी नव्हती. यजमानांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी थोडं बदलून सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मी दवाखान्यात जाणं सोडलं. बाईंचं तोंड बघायची इच्छा नव्हती. त्या वाक्यावर त्या थांबल्या नसत्या तर मुलगी माझ्याजवळ राहिली असती, हे माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. घटसर्प रहाटणीतही होऊ शकला असता, हे मला कळत होतं. पण रहाटणीहून चिंचवड जवळ होतं, आणि मी तिच्या घशात पाहिलं असतं तर सोमवारची वाट पाहिली नसती. पाहिली असती का, ते मला आजही सांगता येत नाही. यजमान गोळ्या आणत, हातावर ठेवत, आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहत. बरं होण्यात मला काही अर्थ उरला नव्हता, तरी मी बरी होत होते.

काही आठवड्यांनी त्यांनी गोळ्यांबरोबर एक कागद आणला. बाईंचं अक्षर मी ओळखलं. 'घटसर्प : लक्षणे आणि प्रतिबंध.' सोबत निरोप नव्हता. मी तो कोनाड्यात टाकून दिला. तो तिथे पडून राहिला. एके दिवशी भाकऱ्या झाल्यावर मी तो घेतला, वाचला, आणि पालथा घातला. न बघता मला त्यातलं फार थोडं सांगता आलं.

मी पेन्सिल घेतली. घटसर्प हा शब्द आमच्याकडच्या गावांत कुणी वापरत नव्हतं. मी लिहिलं, 'लहान मुलाचा घसा धरला, आवाज बसला, तर उजेडात तोंड उघडून पाहा. घशात पांढरी साय दिसली तर त्याच दिवशी पुण्याला न्या.' आणि सगळ्यांच्या वर, मथळ्याच्याही आधी, लिहिलं, 'हा क्षय नाही. यात वाट पाहायला वेळ नसतो.' यजमानांनी कागद परत नेला. बाईंनी वरच्या ओळीला हात लावला नाही. खाली एका ठिकाणी मी 'सुई टोचली की मूल वाचतं' असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी खोडून 'लवकर टोचली तर पुष्कळ मुलं वाचतात' असं केलं. मी कितीतरी वेळ त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिले. मग तशीच राहू दिली.

त्या कागदाच्या प्रती निघाल्या. चाकणच्या बाजारात, दवाखान्यात लावल्या गेल्या. यजमानांनी एक गावी नेली आणि आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली, आणि पुन्हा, शब्दाला शब्द पाठ होईपर्यंत. त्यानंतर त्या घरोघर जाऊ लागल्या, आपल्या गावात आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांवर. जिथे लहान मूल असेल तिथे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "तोंड उघड, बाळा." लोकांना ते आवडत नसे. नात गमावलेली बाई आपल्या पोराच्या घशात डोकावते, याचा त्यांना विटाळ वाटे. दीर कंटाळले होते. मला म्हणाले, "वहिनी, तुमीच सांगा तिला."

माझ्या गोळ्या संपल्या, छातीचा फोटो स्वच्छ आला, त्या उन्हाळ्यात मी गावी गेले. आत्याबाईंना काही सांगायचं म्हणून गेले होते, पण त्या बाहेर पडायच्या तयारीत होत्या. मी त्यांच्याबरोबर निघाले. ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही दोघी त्या आजाराविषयी, मुलीविषयी काहीही बोललो नाही. नंतरही कधी बोललो नाही.

वस्तीवरच्या पहिल्याच घरात एक तरणी बाई ओट्यावर पोराला पाजत होती. आम्हाला बघून ती उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. आत्याबाई ओट्यापाशी गेल्या. मग दारासमोर उभं राहून त्यांनी मोठ्या आवाजात सुरुवात केली. हा क्षय नाही. यात वाट पाहायला वेळ नसतो. सगळं म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत, 'पुष्कळ मुलं वाचतात' सुद्धा. आतून काही आवाज आला नाही. आम्ही पुढच्या घराकडे निघालो.